रणचित्रे : नजर कोणाची, पैसा कोणाचा

युद्धाचे चित्र काढणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती जागेची. लढाई एका ठिकाणाहून दिसत नाही. जो तिच्यात असतो त्याला समोरचा माणूस, धूळ आणि धूर एवढेच दिसते. टेकडीवरून दुर्बीण लावणाऱ्या सेनापतीला फळ्या सरकताना दिसतात, माणसे दिसत नाहीत. चित्रकार तर बहुधा दोन्हीकडे नसतो. लढाई संपून महिने, वर्षे, कधी शतके लोटल्यावर तो कॅनव्हास पुढ्यात घेतो. म्हणून रणचित्र पाहताना ते कोणत्या जागेवरून पाहिलेले आहे आणि ते कोणी करवून घेतले, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. गणवेशाची बटणे, बंदुकीचा चाप, विमानाच्या शेपटीवरचे आकडे बरोबर आहेत का, हा प्रश्न त्यानंतरचा. हौशी मंडळी मात्र नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

फार जुनी रणचित्रे बहुधा राजांनी करवून घेतली आणि ती दगडात आहेत. इजिप्तचा दुसरा रामसेस इ.स.पू. १२७४ च्या सुमारास कादेश येथे हित्ती फौजेशी लढला. अबू सिंबेल, लक्झर आणि रामसेयमच्या भिंतींवर हा प्रसंग कोरलेला आहे. राजा रथावर एकटा, शत्रूंपेक्षा कितीतरी मोठा, आणि त्याच्या घोड्यांच्या टापांखाली हित्तींचा खच. इतिहासकारांच्या मते ही लढाई बरोबरीत सुटली आणि पुढे दोन्ही राज्यांनी तह केला. रोममधला ट्राजनचा स्तंभ इ.स. ११३ चा. डेशियावरील मोहिमांची कथा त्यावर वळसे घेणाऱ्या पट्ट्यात खालून वर चढत जाते. सम्राट इथेही वारंवार दिसतो, पण या स्तंभाचे खरे मोल वेगळेच आहे. सैनिक झाडे तोडतात, पूल बांधतात, छावणीची तटबंदी रचतात, जखमींवर उपचार करतात. फौजेचा बराचसा वेळ लढण्यापेक्षा याच कामात जातो, हे त्या शिल्पकारांना पुढच्या बहुतेक चित्रकारांपेक्षा जास्त कळले होते.

१०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे बायो येथील भरतकाम सुमारे ७० मीटर लांब आहे. मधल्या पट्ट्यात नॉर्मन घोडेस्वार आणि राजा हॅरल्डची माणसे झुंजतात. खालच्या अरुंद किनारीत मात्र मेलेल्यांच्या अंगावरची चिलखते ओढून काढली जात आहेत. विजयाची गोष्ट वर, तिची किंमत खाली, आणि दोन्ही एकाच कापडावर.

महाराष्ट्रात याच काळात आणि नंतरही युद्धाची प्रतिमा राजवाड्यात कमी आणि गावाच्या वेशीवर जास्त घडत होती. वीरगळ हे त्या प्रतिमेचे नाव. सर्वांत खालच्या चौकटीत वीर लढतो किंवा पडलेला असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. नजर इथे मेलेल्याच्या बाजूची आहे. जिंकले कोण, हे पुष्कळदा त्यावरून कळतही नाही, कारण दगड उभारणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर वल्ह्यांची जहाजे ओळीने चाल करून येताना कोरली आहेत. कोकणच्या शिलाहारकालीन सागरी युद्धाचे इतके बोलके चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

युरोपात पंधराव्या शतकापासून रणचित्र हा चित्रकाराने आपले कसब दाखवण्याचा विषय झाला. पाओलो उच्चेल्लोने फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातल्या १४३२ च्या सान रोमानोच्या लढाईवर तीन मोठे फलक रंगवले. आज ते लंडन, फ्लॉरेन्स आणि पॅरिस अशा तीन शहरांत आहेत. जमिनीवर पडलेले भाले त्याने दूरच्या एकाच बिंदूकडे वळतील असे मांडले आहेत. पडलेला शिपाईसुद्धा त्याच हिशोबात बसवलेला आहे. यथार्थदर्शनाचे नवे गणित त्याला इतके मोहवत होते की मारामारी नुसते निमित्त वाटते. आल्टडोर्फरने १५२९ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकसाठी इसूसची लढाई रंगवली. त्यात नजर थेट आभाळात गेली. खाली मुंग्यांएवढे हजारो सैनिक, मागे समुद्र, वर मावळता सूर्य, आणि सिकंदर शोधून काढावा लागतो. लिओनार्दोने फ्लॉरेन्सच्या सभागृहासाठी सुरू केलेले आंगियारीचे चित्र नष्ट झाले. घोडे आणि माणसे एकमेकांत गुंतल्याचा त्यातला एक तुकडा नक्कलांतून उरला.

प्रत्यक्ष पाहून चित्र काढणारा मोठा माणूस समुद्रावर भेटतो. विलेम व्हान दे वेल्दे, थोरला, हा डच आरमाराबरोबर छोट्या होडीतून जाई आणि तोफा सुटत असताना कागदावर जहाजांच्या जागा टिपून घेई. काही रेखाटनांत त्याने स्वतःची होडीही दाखवली आहे. १६७२-७३ च्या हिवाळ्यात तो आणि त्याचा मुलगा इंग्लंडला गेले. दुसऱ्या चार्ल्सने दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड लावून दिले. बापाने रेखाटायचे, मुलाने रंगवायचे. इंग्लंड आणि हॉलंड त्या वेळी एकमेकांशी लढत होते. धनी बदलला, चित्रातला विजयी ध्वजही बदलला, शिडे आणि दोरखंड मात्र तितकेच अचूक राहिले. तपशील खरा आणि बाजू विकत घेतलेली, हे रणचित्राचे कायमचे लक्षण इथे स्पष्ट दिसते.

मुघल दरबारात काम आणखी वाटून दिलेले असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अकबरनाम्याच्या चित्रांखाली कारकुनांनी रेखांकन कोणाचे आणि रंग कोणाचे, ते नोंदवून ठेवले आहे. चितोडच्या वेढ्याचे मिस्कीनाने योजलेले चित्र पाहावे. सुरुंग अवेळी उडतो, तटाचे दगड आणि माणसे हवेत फेकली जातात, आणि ही माणसे अकबराच्याच फौजेची आहेत. बादशहाच्या खर्चाने निघालेल्या ग्रंथात बादशहाच्या फजितीला एवढी जागा मिळाली, ही गोष्ट साधी नाही. किल्ल्याची आतली आणि बाहेरची बाजू एकदम दिसते, कारण या चित्रकारांनी नजर एका जागी बांधून घेतलेली नव्हती. लढाई दाखवायला ही पद्धत युरोपीय यथार्थदर्शनापेक्षा सोयीची होती, असे म्हणायला हरकत नाही.

हिंदुस्थानातील सर्वांत बोलके रणचित्र मात्र श्रीरंगपट्टणला आहे. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ पोलिलूर येथे हैदर अली आणि टिपू यांनी कर्नल विल्यम बेलीच्या कंपनी फौजेचा धुव्वा उडवला. टिपूचा दर्या दौलत बाग हा महाल १७८४ मध्ये बांधून झाला आणि त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर हा विजय रंगवला गेला. कंपनीचे लाल डगलेवाले शिपाई चौकोन करून उभे आहेत. त्या चौकोनात जखमी बेली पालखीत बसला आहे. दारूगोळ्याच्या गाड्याचा भडका उडालेला आहे. लढाई फिरली ती त्याच क्षणी. दोन्ही बाजूंनी म्हैसूरचे घोडेस्वार तलवारी उपसून चाल करून येतात. मुंडकी उडतात. म्हैसूरकरांच्या बाजूचा फ्रेंच अधिकारी लाली दुर्बीण लावून पाहतो आहे. टिपू मात्र बागेत फेरफटका मारायला निघाल्यासारखा गुलाबाचे फूल हुंगतो. राजाचे हे निर्विकारपण म्हणजे दरबारी चित्राचा संकेत आहे. जो घाबरतो, धावतो, ओरडतो, तो हलका. जो शांत, तो स्वामी.

या भिंतीचे पुढे जे झाले ते चित्राहून रंजक आहे. १७९९ मध्ये टिपू पडला आणि इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने दर्या दौलतमध्ये मुक्काम टाकला. चित्र खराब झालेले होते. ते त्याने पुन्हा रंगवून घेतले. पुढे डलहौसीनेही त्याची डागडुजी करवली. इंग्रजांच्या मोठ्या नामुष्कीचे चित्र इंग्रजांच्या खर्चाने टिकले. शेवटची लढाई आपण जिंकलेली असली की आधीच्या पराभवाचे कौतुक करता येते. मात्र आज भिंतीवर दिसते त्यातली कोणती रेघ १७८४ ची आणि कोणती नंतरची, हे सांगणे सोपे राहिलेले नाही. मूळ योजनेची कल्पना येण्यासाठी कागदावर केलेल्या तिच्या मोठ्या प्रती उपयोगी पडतात.

इंग्रजांनी आपल्या बाजूने उत्तर दिले ते कॅनव्हासवर. रॉबर्ट केर पोर्टर हा विशीतला चित्रकार हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. त्याने १८०० मध्ये श्रीरंगपट्टणवरच्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे अर्धवर्तुळाकार चित्र सहा आठवड्यांत उभे केले आणि लंडनकरांनी पैसे मोजून ते पाहिले. मूळ चित्र नष्ट झाले, छापील आवृत्त्या राहिल्या. १८३९ मध्ये डेव्हिड विल्कीने टिपूचे प्रेत सापडल्याचा प्रसंग रंगवला. मशालीच्या उजेडात उभा असलेला डेव्हिड बेअर्ड हा पोलिलूरला पकडला गेला होता आणि श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात त्याने साडेतीन वर्षांहून अधिक काळ काढला होता. चित्रात त्याच्या पायांशी तळघराची जाळी दाखवली आहे. चित्र करवून घेतले ते बेअर्डच्या विधवेने. दर्या दौलतची भिंत आणि हा कॅनव्हास म्हणजे एकाच भांडणाच्या दोन तक्रारी आहेत.

पानिपतच्या बाबतीत मराठी वाचकाला असाच अनुभव येतो. १७६१ च्या लढाईचे एक मोठे, जवळच्या काळातले चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते १७७० च्या सुमारास फैजाबाद शैलीत काढलेले आहे. फैजाबाद ही शुजाउद्दौल्याची राजधानी आणि शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढला होता. मराठ्यांच्या घराघरात ज्या दिवसाची आठवण राहिली त्याचे चित्र जिंकलेल्यांच्या गावी झाले. पुण्याच्या दरबारात लढायांची चित्रे भिंतीवर मांडण्याची हौस नव्हती. तिथे बखरीने आणि पोवाड्याने ते काम केले.

दरबाराकडून राष्ट्राकडे सरकलेले रणचित्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. बेंजामिन वेस्टने १७७० मध्ये 'जनरल वुल्फचा मृत्यू' रंगवले. क्वेबेक १७५९ मध्ये पडले होते. वीराला रोमन झग्याऐवजी चालू काळातला लष्करी डगला घातला म्हणून त्या वेळी नाके मुरडली गेली. आज खटकते ते वेगळेच. वुल्फभोवती जमलेल्यांपैकी बहुतेक जण त्या क्षणी तिथे नव्हतेच. कपडे खरे, गर्दी खोटी. नेपोलियनने ही युक्ती राज्ययंत्राला जोडली. दाविदच्या चित्रात तो उधळत्या घोड्यावरून आल्प्स ओलांडतो. प्रत्यक्षात तो खेचरावरून गेला होता, आणि देलारोशने पुढे ते खेचरही रंगवले. ग्रोच्या १८०८ च्या 'आयलाऊची रणभूमी' या चित्रात सम्राट दयेने हात पुढे करतो, पण चित्राच्या खालच्या कडेला बर्फाने गोठलेली प्रेते माणसाच्या आकाराहून मोठी रंगवलेली आहेत. पाहणाऱ्याची नजर आधी तिथे जाते. लुई फिलिपने १८३७ मध्ये व्हर्सायला सुमारे १२० मीटर लांबीचे 'लढायांचे दालन' उघडले. फ्रान्सच्या तेराशेहून अधिक वर्षांच्या विजयांची ३३ चित्रे तिथे ओळीने आहेत. त्यातली थोडीच मनात राहतात.

नेपोलियनच्याच काळात गोयाने सेनापतीची टेकडी कायमची सोडली. १८१४ मध्ये रंगवलेल्या '३ मे १८०८' मध्ये फ्रेंच बंदूकधाऱ्यांची पाठ आहे आणि कंदिलाच्या उजेडात हात पसरलेल्या माणसाचा चेहरा आहे. 'युद्धाचे अनर्थ' ही त्याची मुद्राचित्रे तो हयात असताना प्रसिद्धच झाली नाहीत. ती १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, लोकांसमोर आली. ती कोणी मागवलेली नव्हती. पैसे देणारा नसला की चित्रकार किती मोकळा होतो आणि किती एकटा पडतो, हे दोन्ही त्यातून कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अचूकतेचा ध्यास शिगेला पोहोचला. मेसोनिएने घोड्याची दौड अभ्यासण्यासाठी घरच्या आवारात रूळ टाकून त्यावरच्या गाडीतून घोड्याशेजारी धावत रेखाटने केली. तरीही १८७८ मध्ये मायब्रिजने धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली तेव्हा चित्रकारांची पंचाईत झाली. चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात ते पोटाखाली गोळा झालेले. पुढे-मागे ताणलेले नव्हेत. शतकानुशतके रंगवलेले घोडदळाचे हल्ले एका झटक्यात चुकीचे ठरले.

लेडी बटलर हिने प्रत्यक्ष युद्ध कधी पाहिले नाही. तिचे 'हजेरी' हे क्रिमियातील थकलेल्या शिपायांचे चित्र १८७४ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागले तेव्हा गर्दी आवरायला पोलीस ठेवावा लागला आणि ते चित्र राणी व्हिक्टोरियाने घेतले. पुढच्या वर्षीच्या 'कात्र ब्रा' या चित्रासाठी तिने शिपायांना चौकोन करून गोळीबार करायला लावला, आणि राय धान्याचे शेत मुलांकडून तुडवून घेऊन ते नीट पाहिले, कारण ती लढाई उभ्या पिकात झाली होती. तिच्या चित्रांत सेनापती जवळजवळ नाहीतच. रांगेतला शिपाई आहे. पण ही रांग कोणाची हेही पाहावे लागते. १८७९ च्या चित्रात डॉक्टर ब्रायडन मरणाला टेकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचतो, काबूलहून माघार घेतलेल्या फौजेचा जणू एकमेव अवशेष. १८४२ च्या त्या माघारीत मेलेल्यांपैकी बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई आणि बाजारबुणगे होते. चित्रात त्यांच्यापैकी कोणी नाही.

रशियाचा वासिली वेरेश्चागिन युद्धात सामील होऊन, जखमी होऊन रंगवणारा. कवट्यांचा ढीग आणि वर कावळे असे १८७१ चे चित्र त्याने भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व महान विजेत्यांना अर्पण केले. हिंदुस्थानात तो दोनदा येऊन गेला. १८८० च्या दशकात त्याने इंग्रज फौज बंडखोरांना तोफेच्या तोंडी देत असल्याचे चित्र काढले. इंग्रज समीक्षक संतापले आणि त्यांनी बोट ठेवले ते गणवेशावर: शिपायांचे कपडे त्या प्रसंगाच्या काळाचे नसून चित्रकाराच्या काळातले आहेत. चूक खरीच होती. पण तपशिलातली चूक दाखवून मूळ आरोप टाळता येतो, हेही त्या वादाने दाखवले. मूळ चित्र आज बेपत्ता आहे. चित्रकार १९०४ मध्ये पोर्ट आर्थर येथे 'पेत्रोपाव्लोव्स्क' या युद्धनौकेबरोबर बुडाला.

कॅमेरा आल्यावर रणचित्र लगेच संपायला हवे होते, पण तसे झाले नाही. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियात गेला तेव्हा काच उघडी ठेवण्याचा वेळ सेकंदांत मोजावा लागे. धावणारा माणूस त्यावर उमटत नसे. लढाईचा क्षण अजून चित्रकाराकडेच होता. सचित्र साप्ताहिकांचे खास चित्रकार आघाडीवरून रेखाटने पाठवत आणि लंडन-पॅरिसमध्ये लाकडी ठशांवर ती कोरली जात. दुसरीकडे गोल इमारतीत मावणारी अवाढव्य पॅनोरामा चित्रे लोकप्रिय झाली. पोलंडमधील रात्स्वावित्सेच्या लढाईचे १८९४ चे चित्र १५ मीटर उंच आणि ११४ मीटर लांब आहे. रुबोने सेवस्तोपोल आणि बोरोदिनो रंगवले, फिलिपोतोने गेटिसबर्ग. प्रेक्षक मधोमध उभा राहतो आणि लढाई सभोवती पसरते. सिनेमाने हा धंदा बुडवला.

पहिल्या महायुद्धात चित्रकारांना सरकारी नेमणुका मिळाल्या. ब्रिटनने १९१६ मध्ये म्युअरहेड बोनला पहिला अधिकृत युद्धचित्रकार नेमले. पण खंदकांच्या युद्धात रंगवण्यासारखे काही दिसतच नव्हते. सैनिक जमिनीखाली, शत्रू अदृश्य, वर फक्त चिखल. पॉल नॅशने तो चिखलच रंगवला. नेव्हिन्सनच्या चित्रात तारेच्या कुंपणाशी दोन मेलेले ब्रिटिश सैनिक होते. सेन्सॉरने परवानगी नाकारली. १९१८ च्या प्रदर्शनात त्याने चित्रावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर 'सेन्सॉर्ड' असे लिहिले. सार्जंटच्या 'गॅस्ड' या सहा मीटर लांबीच्या चित्रात डोळ्यांना पट्ट्या बांधलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओळीने चालतात. पायरी आहे असे सांगितल्याने एकाने पाय अवाजवी उंच उचलला आहे. मागे दूरवर काही जण फुटबॉल खेळताहेत. जर्मनीत ओटो डिक्स स्वतः मशीनगनवर होता. १९२४ मधल्या त्याच्या ५० मुद्राचित्रांत सडणे, किडे आणि वेड यांखेरीज काही नाही.

दुसऱ्या महायुद्धात केनेथ क्लार्कच्या समितीने ब्रिटनमध्ये सुमारे सहा हजार कामे जमवली. अँथनी ग्रॉसने आराकानच्या आघाडीवरील हिंदी सैनिक रेखाटले. एरिक रॅव्हिलियस हा नाजूक जलरंगांचा चित्रकार १९४२ मध्ये आइसलँडजवळ विमानासह नाहीसा झाला. जपानमध्ये फुजिताने १९४३ मध्ये अत्तू बेटावरच्या शेवटच्या झुंजीचे चित्र काढले. लष्करासाठी केलेले असूनही ते इतके काळे आणि गुदमरणारे आहे की ते युद्धाला उत्तेजन देते की त्याचा धिक्कार करते, यावर आजही एकमत नाही. जपानची अशी १५३ चित्रे अमेरिकेने नेली आणि १९७० मध्ये बेमुदत उसनवारीच्या अटीवर परत दिली.

विमानाने नजरेची जागा पुन्हा बदलली. पॅलेस्टाइनच्या वादी फारा घळीत सप्टेंबर १९१८ मध्ये माघार घेणाऱ्या तुर्की तांड्यावर बॉम्ब पडले. सिडनी कार्लाइनने ते दृश्य वरून रंगवले आहे. घळ सुंदर आहे, विमाने डौलदार आहेत, आणि खाली मरणारी माणसे व जनावरे ठिपक्यांएवढी. कार्लाइन स्वतः वैमानिक होता. इटलीच्या भविष्यवाद्यांनी १९२९ मध्ये 'हवाई चित्रकले'चा जाहीरनामा काढला. तुल्लिओ क्रालीच्या १९३९ च्या चित्रात वैमानिकाच्या पाठीमागून पाहताना इमारती अंगावर धावून येतात. त्याच्या उलट टोकाला 'गेर्निका'. त्या नावाच्या गावावरील २६ एप्रिल १९३७ च्या हवाई हल्ल्यावरच्या या चित्रात विमान एकही नाही. पिकासोची नजर खालून, घरातून आहे, आणि खालच्यांना विमान नीट दिसलेलेच नसते.

दुसऱ्या महायुद्धात पॉल नॅशला दम्यामुळे उड्डाण करता आले नाही. ऑक्सफर्डजवळच्या भंगारतळावर पडलेले जर्मन विमानांचे ढिगारे पाहून त्याने चांदण्यातला गोठलेला समुद्र रंगवला. हवाई खात्याला त्याची विमाने पसंत नव्हती. त्यांना वैमानिकांची ओळखू येणारी चित्रे हवी होती, आणि ती एरिक केनिंग्टनने पुरवली. युद्धानंतर विमानचित्रांची जी स्वतंत्र परंपरा उभी राहिली ती केनिंग्टनच्या वाटेने, तपशिलाच्या बाजूने गेली. ब्रिटनमध्ये फ्रँक वूटन हे तिचे मोठे नाव. तिथे १९७१ मध्ये विमानचित्रकारांचा संघ स्थापन झाला. अमेरिकेत कीथ फेरिसने वॉशिंग्टनच्या हवाई संग्रहालयासाठी १९७६ मध्ये २५ फूट उंच आणि ७५ फूट लांब भिंतीवर बी-१७ बॉम्बफेकी विमाने रंगवली.

या शाखेचे कसब कमी लेखू नये. आभाळात प्रमाण सांगायला झाड नाही, घर नाही. दोन विमानांमधले अंतर केवळ आकाराने आणि धूसरपणाने दाखवावे लागते. फिरता पंखा पाती मोजता येतील असा काढला तर इंजिन बंद पडल्यासारखे वाटते, नुसती चकती काढली तर विमान खेळण्यातले दिसते. स्पिटफायरच्या पंखाची लंबगोल कड प्रत्येक कोनातून वेगळी वळते आणि ती जरा चुकली तरी जाणकार लगेच बोट ठेवतात. तुकडीची अक्षरे, त्या महिन्यातली रंगसंगती, पोटाखालची टाकी, त्या वेळचा सूर्य, हे सगळे दफ्तरे चाळून ठरवावे लागते. खऱ्या हवाई लढाईत विमाने शेकडो मीटर दूर असतात. चित्रात ती एकमेकांना खेटून येतात, आणि ही सवलत सगळ्यांनी मान्य केलेली आहे.

बाजारही याच अचूकतेवर उभा आहे. मूळ तैलचित्र एक, त्याच्या मोजक्या क्रमांकित प्रती अनेक, आणि समासात त्या मोहिमेतील वैमानिकांच्या पेन्सिलीच्या सह्या. रॉबर्ट टेलरच्या चित्रांनी ही रीत जगभर नेली. सही करणारे वैमानिक जसजसे कमी झाले तसतशी सह्यांची किंमत चढली. गिऱ्हाईक चित्राइतकेच त्या हाताचे पैसे मोजते. खटकते ते एवढेच, की या चित्रांत बॉम्ब जिथे पडतात ती जागा बहुधा ढगांखाली असते. क्षेपणास्त्रे शत्रू दिसण्याआधीच सुटू लागली तेव्हा दोन वैमानिकांची समोरासमोरची झुंज उरली नाही. त्यामुळे ही शाखा अजून १९४० च्या आभाळातच रमते.

महाराष्ट्रात रणचित्र लोकप्रिय झाले ते विसाव्या शतकात आणि ते शिवकाळाचे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी शिवचरित्रावर चित्रे करवून घेतली आणि औंधला संग्रहालय उभे केले. महादेव विश्वनाथ धुरंधरांची राज्याभिषेकासारखी चित्रे पाठ्यपुस्तकांतून घरोघरी गेली. वास्तवाच्या शोधात वा. सी. बेंद्रे यांचे काम मोलाचे. दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून खपत होते. बेंद्रे यांनी डच दफ्तराशी संबंधित पुस्तकातले समकालीन चित्र १९३३ मध्ये पुढे आणले. चेहरा दुरुस्त झाला, पण बाकीचा पट अजून ढिला आहे. शिवकाळातल्या माणसांच्या डोक्यावर पेशवाईतल्या पगड्या चढतात. पावनखिंड जुलैतली, ऐन पावसाळ्यातली, पण कॅलेंडरवर आभाळ बहुधा कोरडे असते. ही चित्रे दालनासाठी नसून देव्हाऱ्याजवळच्या भिंतीसाठी काढली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्याकडून दफ्तरी अचूकता मागण्याचा आग्रह थोडा सैल होतो. तरी पगडी बरोबर काढायला जास्त रंग लागत नाही.

स्वतंत्र भारतात रणचित्रांचा मुख्य आश्रयदाता लष्करच आहे. रेजिमेंटच्या मेसमध्ये, संग्रहालयांत, युद्धस्मारकांत ही चित्रे लागतात आणि सामान्य माणसाच्या नजरेस क्वचित पडतात. त्यातल्या एकावर डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर वाद झाला. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. त्या दृश्याचे चित्र लष्करप्रमुखांच्या दिल्लीतील कार्यालयात असे आणि परदेशी पाहुण्यांबरोबरच्या छायाचित्रांत मागे दिसे. त्याच्या जागी लेफ्टनंट कर्नल थॉमस जेकब यांचे 'करमक्षेत्र' आले. त्यात पँगाँग सरोवर, बर्फाचे डोंगर, रणगाडे, हेलिकॉप्टर, कृष्णार्जुनाचा रथ आणि चाणक्य एकत्र आहेत. पहिले चित्र घडलेल्या क्षणाचे, पाकिस्तानच्या सेनापतीचा पराभव दाखवणारे. दुसरे न घडलेल्या क्षणाचे, नजर उत्तरेच्या सीमेकडे लावलेले. अनेक निवृत्त अधिकाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. १९७१ चे चित्र लष्कराने माणेकशॉ सेंटरमध्ये हलवले. तिथे ते अधिक लोकांना पाहता येईल, असे कारण देण्यात आले.